चिंधीचा कागद होताना तंतूचं काय होतं?

कुठलाही साधा कागद घ्या, कात्री न लावता हाताने फाडा आणि फाटलेली कड खिडकीच्या उजेडासमोर धरा. कडेला बारीक पांढरी लव दिसेल. घरात भिंग असेल तर फारच छान. ही लव म्हणजे लाकडाचे, बगॅसचे (उसाच्या चिपाडाचे) किंवा कापसाचे तंतू. आता त्याच कागदाचा दुसरा तुकडा पाण्यात चांगला भिजवून फाडा. कोरडा असताना टर्रकन फाटणारा कागद आता आवाजही न करता सुटतो आणि कडेची लव आधीपेक्षा लांब दिसते. कोरड्या कागदात तंतूंनी एकमेकांना इतकं घट्ट धरलं होतं की फाडताना काही तंतूच तुटले. पाणी आत शिरल्यावर त्यांची पकड सुटली आणि ते अखंडच्या अखंड बाहेर आले.

ही पकड कुठून येते? बहुतेकांना वाटतं, कागदात गोंद किंवा खळ असते म्हणून. खळ असते, पण ती मुख्यतः शाई पसरू नये म्हणून. खळीचा एक थेंबही न घालता उत्तम मजबूत कागद बनतो. तंतूला तंतूशी बांधणारी गोष्ट तंतूच्या आतच दडलेली असते आणि ती बाहेर काढण्यासाठी तंतू लांबीच्या दिशेने उकलावा लागतो. जाड तंतूतून बारीक बारीक तंतुकं सुटी होण्याच्या या क्रियेला इंग्रजीतून आलेला शब्द आहे फायब्रिलेशन.

हा शब्द हृदयाच्या संदर्भात तुम्ही डॉक्टरांच्या तोंडी ऐकला असेल. तिथे काहीही उकलत नाही. हृदयाचे स्नायू एका ठेक्यात आकुंचन पावण्याऐवजी त्यांतले तंतू आपापले वेगवेगळे थरथरू लागतात, म्हणून ते नाव पडलं. शब्दाचं मूळ एकच, पण प्रकार पूर्ण वेगळा. या लेखात आपण खरोखर उकलणाऱ्या तंतूंबद्दल बोलणार आहोत.

कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच पेशी. लांबी साधारण २५ ते ३० मिलिमीटर आणि जाडी १५ ते २० मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी. एवढ्या बारीक तंतूच्या आत सेल्युलोजची तंतुकं लांबीच्या दिशेने रचलेली असतात. त्यातलं सगळ्यात बारीक तंतुक काही नॅनोमीटर जाडीचं असतं. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एका तंतूच्या आडव्या छेदात अशी किती तंतुकं मावतील याचा ढोबळ हिशेब केला, तर आकडा लाखोंच्या घरात जातो. लाकडाच्या तंतूत सर्वांत बारीक तंतुक ३ ते ४ नॅनोमीटरचं असतं.

तंतुकाच्या आत ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या शेजारी शेजारी असतात. साखळीच्या लांबीत कडीला कडी पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेली असते. शेजारच्या साखळ्यांना मात्र हायड्रोजन बंधांसारखी तुलनेने दुबळी ओढ धरून ठेवते. तंतुकांच्या मधल्या जागेत तर सगळंच आणखी सैल असतं. म्हणजे तंतू उभ्या दिशेने बळकट आणि आडव्या दिशेने कच्चा. सगळं फायब्रिलेशन या एका असमतोलावर उभं आहे.

दातवण आठवा. बाभळीची किंवा कडुलिंबाची काडी दाढेखाली धरून चावली की तिचे आडवे तुकडे पडत नाहीत, टोकाला कुंचा तयार होतो. दाढेचा दाब आडवा पडतो, लाळेने काडी ओली होते आणि जिथे जोड कच्चे तिथे ती फुटत जाते, म्हणजे लांबीत. इथे सुटतात ते मुख्यतः तंतूंचे जुडगे, तंतूच्या आतली तंतुकं नव्हेत. पण युक्ती अगदी तीच आहे: ओलं करायचं आणि आडवा दाब पुन्हा पुन्हा द्यायचा. आता हेच हजारपट लहान मापावर करायचं आहे असं समजा.

अंबाडी कुजवून वाख काढतात, तेव्हा दातवणाच्या पातळीवरचंच काम होतं. पाण्यातले जिवाणू तंतूंच्या जुडग्यांना चिकटवणारं पेक्टिन खाऊन टाकतात आणि वाख सुटतो. पिंजारी कापूस पिंजतो, तेव्हा तर तो फक्त आधीच सुटे असलेले तंतू मोकळे करतो. या दोन्हीत तंतू आतून शाबूत राहतो. कागद करणाऱ्याला त्या पुढच्या पायरीवर जायचं असतं.

हातकागद बनवायच्या कारखान्यात जाऊन उभं राहिलात, तर सगळ्यात जास्त वेळ बीटरपाशी काढा असं मी सांगेन. होजियरी कारखान्यांतून आलेली सुती कात्रणं आधी बारीक चिरलेली असतात. लंबगोल हौदात ती पाण्यासकट गरगर फिरत असतात आणि हौदाच्या एका अंगाला पात्यांचा जड रूळ फिरत असतो. रुळाखाली तळाशीही पाती बसवलेली असतात. या दोन पात्यांच्या मधून लगदा पुन्हा पुन्हा जातो, तासन् तास. हे यंत्र सतराव्या शतकात हॉलंडमध्ये निघालं, म्हणून त्याचं नाव हॉलंडर बीटर. त्याआधी आपल्याकडचे कागदी हेच काम ढेकीने करत, म्हणजे पायाने दाबून उचलायच्या लाकडी मुसळाने. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं नाव या धंद्यावरूनच पडलं आहे. पुण्यात शिवाजीनगरला गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेत चिंध्यांपासून कागद करण्याची परंपरा चालत आली आहे.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ही पाती चिंध्या कापत आहेत. मलाही तसंच वाटलं होतं. पण पाती बोथट असतात आणि त्यांच्यातली फट मुद्दाम थोडी मोठी ठेवतात. फट फार कमी केली, तर तंतू आडवे कापले जातात, आखूड होतात आणि कागद कमकुवत बनतो. फट बरोबर असली, तर तंतू चेपला जातो, सुटतो, पुन्हा चेपला जातो. कणीक तिंबण्यासारखं. आधी तंतूच्या आतले थर एकमेकांपासून सुटतात, मधल्या फटींत पाणी शिरतं आणि तंतू फुगून लवचीक होतो. हे अंतर्गत फायब्रिलेशन, बाहेरून फारसं न दिसणारं. मग तंतूच्या पृष्ठभागावरून तंतुकं सुटायला लागतात. त्यांचं एक टोक तंतूला धरून असतं आणि दुसरं पाण्यात लोंबतं. सूक्ष्मदर्शकाखाली असा तंतू उसवलेल्या दोरासारखा दिसतो. हे बाह्य फायब्रिलेशन.

लाकडाच्या तंतूत यात आणखी एक गंमत आहे. त्याच्या भित्तिकेत अनेक थर असतात. मधला थर सगळ्यात जाड आणि त्यातली तंतुकं तंतूच्या लांबीला जवळजवळ समांतर असतात. पण त्याच्या बाहेरच्या पातळ थरात तंतुकं आडवी गुंडाळलेली असतात, पोटाला कमरपट्टा आवळावा तशी. हा पट्टा शाबूत असेपर्यंत आतला थर फुगूच शकत नाही. बीटरचं पहिलं काम हा पट्टा फोडण्याचं. काही वेळा पट्टा जागोजागी तुटतो आणि मधल्या भागात तंतू फुग्यासारखा टम्म होतो. सूक्ष्मदर्शकातून घेतलेली अशा तंतूंची छायाचित्रं पाहिली की हा पट्टा किती आवळून बसलेला असतो ते कळतं.

हे सगळं पाण्यातच का करायचं? कोरडे तंतू दळले, तर ते ठिसूळपणे तुटतात आणि हाती भुकटी येते. पाणी तंतुकांमधल्या फटींत घुसतं, तिथल्या हायड्रोजन बंधांच्या जागा स्वतः घेतं आणि जोड सैल करतं. शिवाय एकदा सुटलेल्या तंतुकांना परत चिकटू देत नाही. म्हणजे उकलण्यात पाण्याचा वाटा पात्यांइतकाच आहे.

चाळणीवर लगदा पसरून पाणी निथळू दिलं की सगळं उलट्या दिशेने घडायला लागतं. पाणी कमी होत जाताना दोन तंतूंच्या मध्ये राहिलेल्या पाण्याचा पृष्ठताण त्यांना जवळ खेचतो. ओले केस एकमेकांना चिकटून बटा होतात तसं. फुगलेले, मऊ पडलेले तंतू एकमेकांवर चपटे बसतात, लोंबती तंतुकं एकमेकांत गुंततात आणि शेवटचं पाणी उडून गेलं की तंतुक थेट तंतुकाशी हायड्रोजन बंधांनी जोडलं जातं. एकेक बंध दुबळा, पण त्यांची संख्या अफाट. खळीशिवायची पकड ती हीच. आणि पाणी घातलं की ती का सुटते, तेही आता लक्षात येईल.

किती कुटायचं, यावर कागदाची जात ठरते. टिपकागदाचा लगदा जवळजवळ कुटतच नाहीत. तंतू सुटे सुटे राहतात, मध्ये पोकळ्या राहतात आणि त्या शाई पितात. पारंपरिक पद्धतीच्या ट्रेसिंग पेपरचा लगदा इतका कुटतात की तंतूंच्या मधली हवाच संपते. प्रकाश विखुरायला हवा आणि सेल्युलोजच्या सीमा उरत नाहीत, म्हणून कागद अर्धपारदर्शक होतो. दोन्ही कागदांत पदार्थ एकच, सेल्युलोज.

पण कुटत राहिलं की कागद सगळ्याच बाबतींत चांगला होत जातो असं नाही. ताणून तोडायला लागणारं बळ बराच काळ वाढत राहतं. फाडायला लागणारं बळ मात्र सुरुवातीला वाढून मग घसरायला लागतं. तंतू इतके घट्ट बांधले जातात की फाटताना ते सरकून बाहेर येऊच शकत नाहीत, जागच्या जागी तुटतात. पाणीही चाळणीतून निथळेनासं होतं. मोठ्या कागद कारखान्यात लगद्यातून पाणी किती वेगाने निथळतं हे मोजून कुटाई ठरवतात. छोट्या ठिकाणी अनुभवी माणूस ग्लासभर पाण्यात चिमूटभर लगदा ढवळून उजेडासमोर धरतो. गुठळ्या दिसतात का, ढग सारखा पसरतो का, एवढं पाहून तो बीटर थांबवतो. ही नजर यायला वर्षं लागतात आणि तिचं मोल यंत्राच्या आकड्याहून कमी मानू नये असं मला मनापासून वाटतं.

रद्दीपासून केलेला कागद मऊ, कमकुवत का होतो याचं मोठं कारणही इथेच आहे. तंतू एकदा पूर्ण वाळला की त्याच्या आतल्या फटी मिटतात आणि पुन्हा भिजवल्यावर त्यातल्या काही उघडतच नाहीत. तंतू आधीसारखा फुगत नाही, लवचीक होत नाही. परत कुटावं, तर आखूड होतो. म्हणून रद्दीच्या लगद्यात बहुतेक ठिकाणी थोडा नवा लगदा मिसळावा लागतो.

उकलण्याची ही क्रिया टोकापर्यंत नेली तर? तंतू उरलाच नाही, फक्त तंतुकं उरली तर? १९८३ मध्ये आयटीटी रेयॉनियर या अमेरिकी कंपनीतल्या टर्बॅक, स्नायडर आणि सँडबर्ग यांनी याचा मार्ग जगापुढे मांडला. दूध होमोजिनाइज करतात त्या प्रकारच्या यंत्रातून त्यांनी लाकडाचा पातळ लगदा प्रचंड दाबाखाली, अगदी अरुंद फटीतून पुन्हा पुन्हा ढकलला. बाहेर आली जेली. शंभर भागांत सेल्युलोज जेमतेम दोन भाग, बाकी सगळं पाणी, आणि तरी भांडं वाकडं केलं तर वाहणार नाही अशी. सुटलेल्या तंतुकांचं जाळं एवढं पाणी धरून ठेवतं.

अडचण विजेची होती. दर टनाला इतकी ऊर्जा लागे की पुढची वीस वर्षं हा पदार्थ प्रयोगशाळेबाहेर फारसा आलाच नाही. तोडगा निघाला तो जोर वाढवून नव्हे. टोकियो विद्यापीठातल्या अकिरा इसोगाई यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की टेम्पो नावाचं उत्प्रेरक वापरून तंतुकांच्या पृष्ठभागावर ऋणभार असलेले रासायनिक गट बसवता येतात. सारखा भार असलेल्या गोष्टी एकमेकांना ढकलतात. प्रत्येक तंतुक शेजारच्या तंतुकाला दूर लोटायला लागलं की मग साध्या ढवळण्यानेही तंतू पूर्ण उकलतो आणि ३-४ नॅनोमीटरची तंतुकं पाण्यात सुटी तरंगतात. ती इतकी बारीक असतात की प्रकाश विखुरतच नाही आणि लगदा काचेसारखा पारदर्शक दिसतो. या कामासाठी इसोगाई, साइतो आणि निशियामा यांना २०१५ चा मार्कस वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसावर काम करणारी सिरकॉट ही संस्था आहे. तिथे सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून, म्हणजे लिंटरपासून, नॅनोसेल्युलोज करण्याचा प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला आहे.

कागदाला हवंसं असलेलं हे उकलणं कपड्याला नकोसं असतं. आईची एक गर्द मरून रेशमी साडी आहे. जेवताना निऱ्यांवर डाग पडला, तो मी ओल्या फडक्याने जोर लावून घासला. डाग गेला आणि त्या जागी पांढुरका धुरकट पट्टा उमटला. रंग गेला असं समजून आम्ही हळहळलो. पुष्कळ नंतर कळलं की रंग बहुतेक तिथेच असतो. रेशमाचा तंतूही लांबीत रचलेल्या तंतुकांचाच बनलेला असतो. डिंकासारखं सेरिसिन धुऊन काढल्यावर त्याला बाहेरून आवरण राहत नाही, आणि ओला असताना घासला की पृष्ठभागावरची तंतुकं उसवतात. त्या बारीक लवेवरून प्रकाश विखुरतो आणि डोळ्यांना पांढरं दिसतं. म्हणून पैठणी असो की साधं रेशीम, डाग टिपावा, ओला असताना घासू नये. लाकडाच्या लगद्यापासून बनणाऱ्या लायोसेल धाग्याचे कपडे धुतल्यावर त्यांवर येणारी लवही याच जातीची.

बाजारात पोती शिवायला मिळणारी प्लॅस्टिकची सुतळी हातात घ्या आणि पीळ उलटा फिरवा. आत चपटी पट्टी असते आणि नखाने ओरखडलं की ती उभी चिरत जाते, आडवी काही केल्या फाटत नाही. पॉलिप्रॉपिलीनची फिल्म एकाच दिशेने खूप ताणली की रेणूंच्या साखळ्या त्या दिशेने रांगेत येतात आणि सेल्युलोजमधला तोच असमतोल कारखान्यात तयार होतो. अॅस्बेस्टॉसचा खडकातला तंतूही असाच लांबीत फुटत जातो, आणि त्याचा धोका त्यातच आहे. तो जितका फुटेल तितका बारीक होतो, श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातो आणि तिथे विरघळत नाही.

आता शरीराकडे. आपल्या कंडरा, कातडी, हाडं, सांध्यातली कूर्चा या सगळ्यांचा मुख्य दोर कोलॅजनचा. कोलॅजनचा रेणू तीन पदरी पिळाचा, ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड. असे रेणू थोडे थोडे पुढेमागे सरकून शेजारी बसतात आणि तंतुक बनतं. त्या सरकण्यामुळे तंतुकावर दर ६७ नॅनोमीटरला एक पट्टा दिसतो. तंतुकांचे तंतू, तंतूंचे जुडगे आणि जुडग्यांची कंडरा, अशी चढती रचना.

गुडघा झिजला असं आपण म्हणतो, त्याची सुरुवात बऱ्याचदा कूर्चेच्या पृष्ठभागावर होते. निरोगी कूर्चा काचेसारखी गुळगुळीत असते. संधिवाताच्या झिजेच्या प्रकारात तिचा पृष्ठभाग उसवतो आणि मखमलीसारखा दिसू लागतो. डॉक्टर या अवस्थेलाही फायब्रिलेशनच म्हणतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मोठेपणी तिथलं कोलॅजन जवळजवळ बदललंच जात नाही, त्यामुळे उसवलेलं परत नीट विणलं जात नाही.

पण शरीराला काही वेळा स्वतःहून हा दोर मोडायचा असतो. जखम भरताना, बाळंतपणानंतर गर्भाशय पूर्ववत होताना. आणि बेडूकमाशाचा बेडूक होताना! तेव्हा त्याची शेपटी गळून पडत नाही, शरीरात विरून जाते. शेपटीत कोलॅजन भरपूर आणि प्रथिनं पचवणारे नेहमीचे विकर (एन्झाइम) त्या तीन पदरी पिळाला हात लावू शकत नाहीत. मग शेपटी विरते कशी? १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी कोलॅजनच्या जेलीवर बेडूकमाशाच्या शेपटीचे जिवंत तुकडे ठेवले. तुकड्यांच्या आजूबाजूची जेली विरघळून स्वच्छ गोल उमटले. अशा रीतीने प्राण्यातला पहिला कोलॅजनेज विकर सापडला. या जातीचे विकर लांबलचक रेणूला एकाच ठिकाणी, एका टोकापासून साधारण तीन चतुर्थांश अंतरावर, कापतात. बस्स, एक काप. आपल्या शरीराच्या उष्णतेत ते दोन तुकडे पिळात राहू शकत नाहीत, त्यांचे पदर उलगडतात आणि मग बाकीचे विकर त्यांचा फडशा पाडतात.

सेल्युलोज खाणाऱ्या बुरशीपुढे कोडं उलटं असतं. तिच्याकडे कापणारे विकर आहेत, पण साखळ्या तंतुकात इतक्या दाटीने बसलेल्या की कापायला टोकच सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू सडू लागले आणि त्यातून ट्रायकोडर्मा या बुरशीची एक जात वेगळी काढली गेली. तिच्यावर काम करणाऱ्या एल्विन रीझ यांचं नाव पुढे त्या बुरशीला मिळालं. रीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये मांडलं होतं की आधी काहीतरी रचना सैल करत असावं, कापणारे विकर मागून येत असावेत. ते काहीतरी पुढे टप्प्याटप्प्याने सापडत गेलं. १९९२ मध्ये काकडीच्या कोवळ्या रोपांत एक्स्पान्सिन मिळालं. हे प्रथिन एकही साखळी न कापता भित्तिका सैल करतं आणि रोप वाढू शकतं. बुरशीतही त्याचे नातेवाईक निघाले. २०१०-११ च्या सुमारास तांब्याचा अणू धारण करणारे विकर ओळखले गेले, जे टोक शोधत बसत नाहीत, घट्ट रचनेच्या पृष्ठभागावरच साखळीला खाच पाडतात. त्या खाचेतून बाकीच्यांना आत शिरायला वाट मिळते.

उसाचं पाचट न जाळता सरीत कुजवणारे शेतकरी ट्रायकोडर्माला चांगले ओळखतात. पाचटाची कुट्टी करायची, युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकायचं, वर जिवाणू-बुरशीचं कल्चर फेकायचं आणि पाणी द्यायचं. कुट्टीने पानं फाटतात, चेपली जातात आणि बुरशीला शिरायला जागा होते. पाण्याने तंतू फुगतात. दोनेक महिन्यांनी सरीतलं एखादं पान उचलून बोटांत चोळा. आकारावरून पान अजून ओळखू येतं, पण चोळताच ते शिरांच्या रेषेत उभं सुटं होतं आणि बोटांवर काळी ओलसर लव उरते.